टायर बोलतो, आपण ऐकतो का?
पकड, झीज आणि आवाज : कुर्ल्यातील वाहनचालकांच्या तीन नित्याच्या तक्रारींमागील कारणमीमांसा

प्रतिनिधी, कुर्ला

पावसाची पहिली सर येऊन गेली, की लालबहादूर शास्त्री मार्गावर कमानीपासून कुर्ला आगारापर्यंत वाहनांची रांग लागते. पुढची गाडी अचानक थांबते, मागचा चालक ब्रेक दाबतो आणि गाडी थांबण्याऐवजी हातभर पुढे सरकते. कधी बंपरला बंपर लागतो, कधी नुसतेच काळजात धस्स होते. ‘ब्रेक लागला नाही’, असे चालक म्हणतो. प्रत्यक्षात ब्रेकने आपले काम चोख केलेले असते, चाक थांबलेलेही असते. कमी पडलेली असते ती टायरची पकड.

कुर्ल्यातील मोटारचालकांशी टायरविषयी बोलू लागले, की तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. पावसात गाडी घसरते, टायर वेळेआधी झिजतात आणि नवे टायर घालूनही आवाज येतो. या तिन्हींचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे. तो लक्षात न घेता केलेली खरेदी पुढे खिशाला आणि प्रसंगी जिवालाही महाग पडते.

मोटारींचे जुने गाव

कुर्ल्याचे आणि मोटारीचे नाते जुने आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना येथेच होता. फियाट आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली गाडी येथेच तयार होत असे. कारखाना गेला, पण ‘प्रीमियर रोड’ हे नाव मागे राहिले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. याच शास्त्री मार्गावर उत्तरेकडे गेल्यास भांडुप लागते. इटलीतील तुरिन शहरात १९२४ मध्ये जन्मलेल्या सिएट या नावाची कंपनी १९५८ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि तिचा टायर कारखाना भांडुपला उभा राहिला. म्हणजे गाडी कुर्ल्याची आणि टायर भांडुपचा, असा योग एकाच रस्त्यावर जुळून येत असे. आजही सीएसटी रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत आणि गाडीचे काही काम निघाले की उपनगरांतील अनेकांची पावले कुर्ल्याकडे वळतात.

पद्मिनीच्या मूळच्या टायरची रुंदी आजच्या मानाने फारच कमी होती. त्यात ट्यूब असे आणि आतील धागे एकमेकांना तिरपे छेद देत. आजचे टायर रेडियल पद्धतीचे, रुंद आणि ट्यूबविरहित आहेत. टायर बदलला, रस्ते बदलले, वेगही वाढला. टायरकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र फारशी बदललेली नाही. ‘हवा आहे ना, मग चालेल’ हा हिशेब अजून कायम आहे.

पकड म्हणजे नेमके काय?

मोटारीचे एक चाक रस्त्याला जेवढ्या जागेत टेकते, ती जागा साधारण तळहाताएवढी असते. हजार-बाराशे किलोची गाडी, तिच्यातील माणसे आणि सामान, या साऱ्यांचा भरवसा अशा चार तळहातांवर असतो. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात दबून शिरते आणि त्याला बिलगते. त्यातून घर्षण निर्माण होते. रस्ता कोरडा असेल तर गुळगुळीत टायरही बरी पकड देतो. त्यामुळेच उन्हाळ्यात झिजलेल्या टायरचा दोष लक्षात येत नाही.

पाणी आले की चित्र पालटते. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेला पाण्याचा थर बाजूला सारण्याचे काम टायरवरील खाचा करतात. नव्या मोटार-टायरवर या खाचा साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल असतात. त्या जसजशा उथळ होतात, तसतसे पाणी बाहेर पडण्याची वाट बुजत जाते. वेग जास्त असेल तर टायर पाण्यावर अक्षरशः तरंगू लागतो. तेव्हा स्टीअरिंग हलके लागते आणि ब्रेकचा उपयोग होत नाही.

पहिल्या पावसाचा धोका आणखी वेगळा आहे. वर्षभर रस्त्यावर सांडलेले तेल, धूळ आणि झिजलेल्या रबराचे कण पहिल्या सरीत पाण्यात कालवले जातात आणि त्यांचा बुळबुळीत लेप तयार होतो. मुसळधार पावसात तो धुऊन जातो, रिमझिमीत मात्र तसाच राहतो. गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक, गटारांची लोखंडी झाकणे आणि कामासाठी टाकलेल्या पोलादी पट्ट्या यांवर तर नवा टायरही सावधपणेच न्यावा लागतो.

याचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी घर्षणांक ०.८ असेल तर ब्रेक लागल्यापासून सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. घर्षणांक ०.५ वर आला की २८ मीटर लागतात आणि ०.३ वर आला की ४७ मीटर. फरक बारा मीटर लांबीच्या दोन बसगाड्यांहून अधिक आहे. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यात आणखी सुमारे १७ मीटरची भर पडते.

झीज वाचता येते

टायर किती किलोमीटर चालला, यापेक्षा तो कसा झिजला हे अधिक बोलके असते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत राहिला, तर हवा सतत कमी राहिली असे समजावे. मधलाच भाग झिजला असेल तर हवा जास्त भरली गेली. एकाच बाजूची कड खाल्ली गेली असेल तर चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असते. खड्डे आणि दुभाजकाच्या कडांवर चाक आपटल्याने ते बिघडते. टायरवर हात फिरवल्यावर उंचसखल खळगे लागले, तर शॉक अॅब्सॉर्बर किंवा सस्पेन्शन तपासणे आवश्यक आहे. अशा वेळी केवळ टायर बदलल्यास नव्या टायरचीही तीच गत होते.

कुर्ल्यासारख्या भागात सतत थांबणे-निघणे, अरुंद जागेत जागच्या जागी स्टीअरिंग फिरवणे आणि खड्डे चुकवणे यांमुळे पुढच्या चाकांवर अधिक ताण येतो. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची ताकदही पुढच्या चाकांनाच मिळते. म्हणून साधारण आठ ते दहा हजार किलोमीटरनंतर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून घ्यावेत, म्हणजे चारही टायर सारखे झिजतात.

दोनच नवे टायर घ्यायचे असतील, तर ते पुढे लावावेत असा सार्वत्रिक समज आहे. टायर उत्पादकांचा सल्ला मात्र नेमका उलट आहे. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, हे चालकाला जाणवते आणि वेग कमी करून ती सावरता येते. मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून चांगले टायर मागे असावेत.

आवाज कुठून येतो?

टायरच्या आवाजाचे उगम अनेक आहेत. नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांतील हवा दाबली जाऊन सुटते आणि टायरच्या पोकळीतील हवाही घुमते. ठोकळे मोठे असलेली, राकट नक्षी चिखलात उपयोगी पडते, पण डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर ती गुणगुणते. ठोकळे एकाच मापाचे असतील तर एकच सूर लागतो. तो मोडावा म्हणून उत्पादक ठोकळ्यांची मापे मुद्दाम कमीजास्त ठेवतात.

दुसरा वाटेकरी रस्ता आहे. मुंबई महापालिकेने २०२३ पासून रस्ते काँक्रीटचे करण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. काँक्रीटच्या पृष्ठभागावर घसरण टाळण्यासाठी बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या पकडीला मदत करतात, मात्र डांबरी रस्त्याच्या तुलनेत आवाज वाढवतात. त्यामुळे आवाज वाढला तर आधी रस्ता बदलून पाहावा. डांबरी रस्त्यावर तो कमी झाला तर दोष टायरचा नाही. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर कमीजास्त होणारी घरघर असेल, तर चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे. जुन्या टायरचा आवाज हळूहळू वाढत गेला असेल, तर ती बहुधा विषम झिजेची खूण असते.

तिन्ही गुण एकत्र का मिळत नाहीत?

मऊ रबर रस्त्याला चांगले बिलगते, पण लवकर झिजते. कडक रबर दीर्घकाळ टिकते, पण ओल्या रस्त्यावर कमी पकडते. खोल खाचा पाणी चांगले काढतात, पण ठोकळे लवचीक झाल्याने आवाज आणि इंधन दोन्ही वाढू शकते. १९९० च्या दशकात रबरात काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका मिसळण्याचे तंत्र रुळले आणि इंधन वाचवूनही ओली पकड राखणे शक्य झाले. तरीही तडजोड संपलेली नाही. एक लाख किलोमीटरची ग्वाही देणारा टायर घेताना पावसातील पकडीचे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

भारतात टायरच्या या गुणांना प्रदीर्घ काळ सक्तीची मर्यादा नव्हती. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये अधिसूचना काढून मोटार, बस आणि ट्रकच्या टायरना एआयएस-१४२ हे मानक लागू केले. त्यात ओल्या रस्त्यावरील पकड, फिरतानाचा रोध आणि आवाज या तीन कसोट्या आहेत. नव्या रचनेच्या टायरना ते १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले आणि आधीपासून बाजारात असलेल्या टायरना २०२३ मध्ये. यात एक बारकावा आहे. आवाजाची ही चाचणी रस्त्याच्या कडेला ध्वनिग्राहक ठेवून होते. गाडीत बसलेल्याला किती आवाज ऐकू येईल, याचे उत्तर ती देत नाही. तसेच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकित पट्टी टायरच्या इंधनबचतीविषयी सांगते. पाच तारे म्हणजे पावसात पाच तारे, असा अर्थ काढू नये.

जुना टायर घेताना

परिस्थितीमुळे अनेकजण वापरलेले टायर घेतात. गाडी घेताच मोठे टायर बसवणाऱ्यांनी काढून टाकलेले टायर बरे निघूही शकतात. परंतु काळी चकाकी पाहून निर्णय घेऊ नये. टायरच्या बाजूवरील चार आकडी संख्येत पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारे होते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि खाचा कितीही शाबूत दिसल्या तरी दहा वर्षांपलीकडे टायर वापरू नये, असे उत्पादक सांगतात.

खाचांच्या तळाशी लहान आडवे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली, म्हणजे केवळ १.६ मिलिमीटर खोली उरली. मोटारींसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांचीही हीच किमान मर्यादा आहे. खाचा खोल दिसतात, पण हे उंचवटे कुठेच नाहीत, तर गुळगुळीत टायरवर पुन्हा खाचा कोरल्याची शंका घ्यावी. काही ट्रक-बसच्या टायरमध्ये त्यासाठी जादा रबर ठेवलेले असते आणि तशी नोंदही त्यांवर असते. मोटारीच्या टायरमध्ये ते नसते. तेथे कोरणे म्हणजे आतील पोलादी पट्ट्यांपर्यंत पाते नेणे होय. बाजूच्या भिंतीवर फुगवटा असेल, तर तो टायर फुकटही घेऊ नये.

कोंडीत झाकलेला दोष

कुर्ल्याच्या वाहतूक कोंडीत गाडी ताशी २० किलोमीटरपुढे क्वचित जाते. तेथे झिजलेला, हवा कमी असलेला टायर निमूटपणे चालतो. तीच गाडी सुटीच्या दिवशी सहकुटुंब पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर जाते. तेथे वेग कितीतरी पटींनी वाढतो. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, उष्णता साठत जाते आणि टायर फुटतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांची मोठी चर्चा झाली. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तेथे वाहनांचे टायर तपासण्यास सुरुवात केली. गुळगुळीत टायरच्या गाड्या प्रवेशद्वारावरूनच परत पाठवण्यात आल्या.

ही तपासणी घराच्या दाराशीही करता येते आणि तिला पाच मिनिटे पुरतात. सकाळी गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजावी. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरण्याचा नव्हे. स्टेपनीतही हवा पाहावी. खाचांतील खडे काढावेत, उंचवटे पाहावेत, हात फिरवून झीज चाचपावी. जूनच्या आधी टायर बदलण्याचा विचार असेल, तर दिवाळीपर्यंत थांबू नये. चार महिने अधिक चालवून वाचलेले पैसे पावसातल्या एका ब्रेकमध्ये खर्ची पडतात.

टायर सहसा अचानक दगा देत नाही. आधी तो घरघरतो, एका बाजूने झिजतो, ओल्या रस्त्यावर हातभर सरकतो. एवढ्या सूचना मिळूनही आपण खिडकीच्या काचा वर करून गाण्याचा आवाज वाढवला, तर पुढच्या अपघाताचा दोष एकट्या टायरला देता येणार नाही.