ताणलेला स्फटिक आणि उष्णतेची वीज

मे महिन्यात आपल्या वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर चढतो. एवढ्या उष्णतेची सरळ वीज करता आली तर? पण केवळ उष्णता पुरत नाही, तापमानातला फरक लागतो. भूगावच्या पोलाद कारखान्यातील भट्टी आणि बाहेरची हवा यांत तो फरक आहे. घरच्या चुलीतही आहे.

एक प्रयोग करा. तांब्याची व लोखंडाची तार एका टोकाला पिळून जोडा. मोकळी टोके मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्ट पट्टीला लावा आणि जोड मेणबत्तीवर धरा. एखादा मिलिव्होल्ट दिसेल. हा परिणाम १८२१ साली सीबेक यांनी शोधला. मात्र या जोडीत दर अंशाला जेमतेम दहा-पंधरा मायक्रोव्होल्ट मिळतात. बिस्मथ टेल्युराइड या अर्धसंवाहकात सुमारे २०० मिळतात.

आता गंमत पाहा. १८५६ साली विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांनी दाखवले की, एकाच धातूची ताणलेली व न ताणलेली तार जोडली तरी असा विद्युतदाब निर्माण होतो. म्हणजे पदार्थ तोच, फक्त त्यातील अणूंची अंतरे किंचित बदलली. या बदलाला ‘विकृती’ म्हणतात. अर्धसंवाहक स्फटिकात तिचा परिणाम फार मोठा होतो. तो कसा?

सिलिकॉनच्या स्फटिकात मुक्त इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेचे सहा सारखे हौद आहेत अशी कल्पना करा. इलेक्ट्रॉन सहांत सारखे वाटले जातात. स्फटिक एका अक्षाच्या दिशेने दाबला की दोन हौद खाली जातात, चार वर उचलले जातात. शेकडा एक विकृतीने हा फरक सुमारे ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते. साहजिकच बहुतेक इलेक्ट्रॉन खालच्या दोन हौदांत जमतात आणि ते हौद अधिक खोल भरतात. खोल हौदातील तळचे इलेक्ट्रॉन अडकून पडतात. उष्णता घेऊ शकतात ते फक्त पृष्ठभागाजवळचे. त्यामुळे दर अंशाला मिळणारा दाब कमी होतो.

मग विकृतीचा उपयोग काय? काही स्फटिकांत हौद मुळातच उंचसखल असतात. योग्य दिशेने ताण दिला तर ते एका पातळीवर येतात. इलेक्ट्रॉन तेवढेच, हौद जास्त. ते उथळ भरतात आणि दाब वाढतो!

असा ताण द्यायचा कसा? जर्मेनियममधील अणूंचे अंतर सिलिकॉनपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त असते. म्हणून सिलिकॉन-जर्मेनियमच्या मिश्र स्फटिकावर सिलिकॉनचा पातळ थर वाढवला की तो आपोआप ताणला जातो.

पण एक अडचण आहे. चांगल्या उष्माविद्युत पदार्थात दाब जास्त हवा, विजेचे वहन चांगले हवे आणि उष्णतेचे वहन कमी हवे. विकृती या तिन्हींना हात लावते. एक सुधारले की दुसरे बिघडू शकते. म्हणूनच प्रत्येक स्फटिकासाठी आणि ताणाच्या प्रत्येक दिशेसाठी वेगळे गणित मांडावे लागते.

१९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांना सिलिकॉन-जर्मेनियमच्या जोड्यांनीच वीज पुरवली. तुमच्या मेणबत्तीवरच्या तारांमध्ये चालते ते हेच तत्त्व. पुढच्या वेळी चुलीवरचा तवा उतरवाल तेव्हा हवेत निघून जाणाऱ्या उष्णतेकडे जरा लक्ष द्या.