संगणक बिघडला तरी ऊसबिल अडू नये



आपली उसाची गाडी काट्यावर आली की वजनाचा आकडा संगणकात जातो आणि त्याच आकड्यावर ऊसबिल निघते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाला तर दरसाल दरशेकडा १५ प्रमाणे व्याज. तेव्हा संगणक बंद पडणे हा नुसता ऑफिसातला प्रश्न नाही, आपल्या घामाच्या पैशाचा आहे.

पूर्वी काटा, ऊसबिल, गोदाम, पगार यांना वेगवेगळी यंत्रे होती. आता एकाच मोठ्या यंत्रात, म्हणजे सर्व्हरमध्ये, ही कामे चालतात. एका वाड्यात चार बिऱ्हाडे राहावीत, तसे. या बिऱ्हाडांना आभासी यंत्रे म्हणतात. वाडा सांभाळणाऱ्या आपल्या प्रणालीचे नाव ईएसएक्सआय.

गेल्या वर्षी हंगाम संपल्यावर, ही प्रणाली ज्या डिस्कवर होती ती डिस्कच गेली. बिलांचा हिशेब दुसऱ्या डिस्कवर शाबूत होता, शिवाय त्याची रोजची प्रतही होती. आम्हाला वाटले, तासाभराचे काम! पण कोणत्या बिऱ्हाडाला कोणते नेटवर्क, कोणती डिस्क कशी जोडलेली, हे कुठेच लिहिलेले नव्हते. विहीर तुडुंब, पण कोणत्या चारीने कोणत्या वाफ्याला पाणी न्यायचे तेच ठाऊक नाही, अशी गत झाली. दोन दिवस गेले. हंगामात हे घडले असते तर काट्यावर गाड्यांची रांग लागली असती. चूक आमची होती, ती कबूल केली पाहिजे.

हिशेबाची प्रत वेगळी आणि मांडणीची प्रत वेगळी, हे त्या दिवशी पक्के कळले.

ही मांडणी ईएसएक्सआय चालताना स्मरणात ठेवते व साधारण दर तासाला आपल्या डिस्कवर उतरवते. पण डिस्कच गेली तर तीही गेली. म्हणून मांडणीत काही बदल केला की आम्ही आता दोन आज्ञा देतो. पहिलीने ताजे बदल डिस्कवर उतरतात. दुसरीने त्यांची एक लहानशी फाईल तयार होते. ती लगेच दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतो. तिच्यात आभासी यंत्रांमधला हिशेब नसतो. त्याची रोजची प्रत चालूच ठेवावी लागते.

परत बसवताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नव्या डिस्कवर ईएसएक्सआयची तीच आवृत्ती, त्याच बिल्ड क्रमांकाची हवी; म्हणून फाईलच्या नावातच क्रमांक लिहितो. सर्व बिऱ्हाडे आधी बंद करून यंत्र देखभाल स्थितीत न्यावे लागते. आणि फाईल चढली की यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, त्यामुळे हे काम काटा चालू असताना करता येत नाही.

आणखी एक. २०२१ साली आलेल्या ७.० अपडेट २ पासून ही मांडणी कुलूपबंद असते. यंत्रात टीपीएम नावाची सुरक्षा-चिप असेल तर कुलूप तिच्याशी जोडलेले असते. चिप बिघडली तर वेगळी पुनर्प्राप्ती-किल्ली लागते. ती आम्ही कागदावर उतरवून तिजोरीत ठेवली आहे. मांडणीच्या फाईलीत पासवर्डाच्या खुणाही असतात, म्हणून तीही कोणाच्या टेबलावर पडू देत नाही.

यंदा गाळप सुरू होण्याआधी ही फाईल चढवून पाहिली. चारही बिऱ्हाडे जागच्या जागी उभी राहिली. न तपासलेली प्रत म्हणजे न उगवलेलं बेणं. लावल्याशिवाय खरं-खोटं कळत नाही. दर वर्षी हंगामापूर्वी ही चाचणी घेण्याचे ठरवले आहे. घेतली की नाही, हे सभासदांनी वार्षिक सभेत आम्हाला जरूर विचारावे.



– संगणक विभाग