जेलीफिशचा डंख : समुद्रावर सहल नेण्याआधी हे वाचा

आपल्या मुळशी तालुक्याला समुद्र नाही, पण तो फार लांबही नाही. ताम्हिणी घाट उतरला की निजामपूर, माणगाव आणि पुढे कोकण. २० मार्चला महाडला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी गेलेल्या गाड्या परतताना दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडे वळतात. १५ ऑगस्टच्या सुट्टीत तरुण मंडळांच्या सहली निघतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली मुलेही दादरच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय घालून येतात. यातली बरीच मुले-मुली समुद्र पहिल्यांदाच पाहत असतात. कोळीवाड्यातल्या पोराला जे लहानपणीच कळते, ते डोंगरातल्या पोराला कुणी सांगितलेले नसते. म्हणून हा लेख.

नेमके काय असते?

ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईत जुहू, अक्सा या किनाऱ्यांवर 'ब्लू बॉटल' मोठ्या संख्येने आल्या आणि दीडशेच्या आसपास लोकांना डंख झाल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून अधिक पर्यटकांना जेलीफिशच्या डंखासाठी प्रथमोपचार द्यावे लागले.

ब्लू बॉटल दिसायला निळसर फुगलेल्या प्लास्टिक पिशवीसारखी असते. शास्त्रीयदृष्ट्या ती खरी जेलीफिश नाही. अनेक सूक्ष्म जीवांची ती एक वसाहत आहे. तिला स्वतःला पोहता येत नाही. वारा नेईल तिकडे ती जाते, म्हणून पावसाळी वाऱ्यांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला येऊन लागते. फुग्याखाली लांबच लांब निळे तंतू असतात. त्या तंतूंवर हजारो सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येकीत गुंडाळलेली विषारी सुई असते. अंगाचा स्पर्श झाला की ती सुटते. यात जीवाचा राग नाही की कुणाचा कोप नाही. म्हणूनच वाळूवर मरून पडलेल्या ब्लू बॉटलचा तंतूही डंख करू शकतो. लहान मुले फुगा समजून तो उचलतात, तिथेच घात होतो.

मुळशी धरणात जेलीफिश असते का?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात. गोड्या पाण्यातही जेलीफिशच्या काही जाती असतात. सह्याद्रीतल्या अशा जातीचा शोध १९११ च्या सुमारास शं. पु. आघारकर यांनी सातारा जिल्ह्यात लावला. पुण्याची आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. पण ही जेलीफिश नाण्याएवढी छोटी असते आणि माणसाला तिचा धोका नाही. धरणात भीती बाळगायची ती खोल पाण्याची आणि गाळाची.

डंख झाला तर

१. आधी पाण्याबाहेर या. वेदनेने घाबरून माणूस पाण्यात गटांगळ्या खातो, हा डंखाहून मोठा धोका आहे. ज्याला डंख झाला त्याला धरून बाहेर आणा, खाली बसवा, धीर द्या.

२. अंगाला चिकटलेले तंतू चिमट्याने किंवा काडीने उचलून काढा. हातात काढायची वेळ आली तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. चोळू नका, खरवडू नका.

३. ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. या टप्प्यावर बाटलीतले गोडे पाणी ओतू नका. त्याने अंगावर उरलेल्या पेशी फुटून आणखी विष सुटू शकते.

४. तंतू निघाल्यावर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवा. पाणी ४५ अंश सेल्सिअसच्या वर नको. वेदनेत असलेल्याला चटका कळत नाही, म्हणून दुसऱ्याने आधी स्वतःचा हात घालून पाहावा. किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर गरम पाणी मिळते, त्यात गार पाणी मिसळा. तेही नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ लावा.

श्वास लागणे, छातीत दुखणे, उलट्या, चक्कर, तोंड सुजणे यांपैकी काहीही दिसले तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा. डंख डोळ्याला झाला असेल, अंगाच्या मोठ्या भागावर असेल किंवा लहान मुलाला असेल, तरी दवाखाना गाठा.

जे करू नये

डंखावर लघवी करावी, असे सांगणारे प्रत्येक सहलीत एक-दोघे भेटतातच. त्याने फायदा होतो याला आधार नाही, उलट त्रास वाढू शकतो. वाळू चोळणे, दारू ओतणे, घट्ट पट्टी बांधणे हेही नको. व्हिनेगर काही जातींच्या डंखावर उपयोगी पडते, पण ब्लू बॉटलच्या बाबतीत तज्ज्ञांमध्येच मतभेद आहेत. तेव्हा ते न वापरलेले बरे. कुणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती समुद्रकिनाऱ्यावरही लागू आहे.

आयोजकांची जबाबदारी

सहल नेणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीत एक चिमटा, हातमोजे आणि सोबत गरम पाण्याचा थर्मास ठेवावा. किनाऱ्यावर उतरल्याबरोबर तिथल्या कोळी बांधवांना किंवा जीवरक्षकाला विचारावे, आज काही लागले आहे का. जाळ्यात काय येते हे त्यांना रोज दिसते. वाळूवर निळे फुगे दिसले तर त्या दिवशी कुणालाही पाण्यात सोडू नये, पोरे कितीही रुसली तरी. गाडीत घाट उतरताना दहा मिनिटे काढून वरच्या चार गोष्टी सगळ्यांना सांगाव्यात, आणि मुलांकडून त्या परत म्हणवून घ्याव्यात.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींकडेही आपण एक मागणी करू शकतो. पार्किंगची पावती फाडली जाते त्याच जागी, सोप्या मराठीत, डंखावर काय करावे याचा एक फलक लावा. खर्च थोडा आहे. अर्ज लिहायला आम्ही मदत करू.