शाळा संपल्यावर पुस्तक कुठे मिळते? गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे काम आणि त्याचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. जानेवारीत विवेकानंद जयंतीला इथे मोठा उत्सव होतो आणि पंगतीत बसून महाप्रसाद घ्यायला दूरदूरची माणसे येतात. दुसरी ओळख शिक्षणाची. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाभोवती शाळा आणि कृषी महाविद्यालयासारख्या संस्था वाढल्या. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतली मुले इथे शिकायला येतात.

अशा गावात पुस्तकांची कमतरता भासणार नाही, असे वाटते. शाळेत आणि महाविद्यालयात ग्रंथालय असतेच. पण ते तिथल्या विद्यार्थ्यांसाठी असते. दहावी-बारावी झाली, नाव कमी झाले की कार्ड जमा करावे लागते. नंतर शेती करणारा तरुण, लग्न होऊन गावात आलेली मुलगी, निवृत्त शिक्षक, दुकानदार, परीक्षेची तयारी करणारा पदवीधर यांनी पुस्तक कुठून आणायचे? सार्वजनिक ग्रंथालयाचे काम इथून सुरू होते.

सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे नेमके काय?

ज्याचे दार सर्वांना उघडे आहे ते सार्वजनिक ग्रंथालय. तिथे जाण्यासाठी कोणत्या शाळेचा विद्यार्थी किंवा कोणत्या कार्यालयाचा कर्मचारी असावे लागत नाही. जात, धर्म, वय, शिक्षण विचारले जात नाही. वाचनकक्षात बसून वर्तमानपत्र वाचायला सहसा पैसे पडत नाहीत. पुस्तक घरी न्यायचे असेल तर थोडी अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हावे लागते.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, तर पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. सुरुवातीला ही वाचनालये इंग्रज अधिकारी आणि शहरातल्या मोजक्या शिकलेल्या लोकांपुरती होती. ठाण्यात १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये निघाली, ती मराठी पुस्तके जपावीत आणि मराठी वाचकाला मिळावीत यासाठी. तरीही हे सगळे शहरांत घडत होते. खेड्याचा विचार व्हायला वेळ लागला.

खेड्यात ग्रंथालय हवे, हे कुणाला सुचले?

याचे ठळक उदाहरण बडोदा संस्थानचे आहे. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यानंतर एक अडचण पुढे आली. चार इयत्ता शिकून मूल शेतावर गेले आणि त्याच्या हाती पुन्हा छापील अक्षर पडलेच नाही, तर काही वर्षांत ते वाचणे विसरते. शाळेवर केलेला खर्च वाया जातो.

त्यावर महाराजांनी ग्रंथालयांचा उपाय केला. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्याला बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली गावोगावची वाचनालये आणि जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, अशी व्यवस्था उभी राहिली. त्यामागचा विचार सोपा होता. शाळा वाचायला शिकवते, पण ते वाचन टिकवायचे तर गावात पुस्तक असावे लागते.

हिवरा आश्रमसारख्या शिक्षणामुळे वाढलेल्या गावाला हा विचार थेट लागू पडतो. शाळा जितक्या जास्त, तितकी दरवर्षी शाळा सोडणारी मुलेही जास्त.

विवेकानंदांच्या चरित्रातली एक आठवण

स्वामी विवेकानंदांच्या चरित्रांत मेरठमधला एक प्रसंग सांगितला जातो. १८९०-९१ च्या सुमारास ते तिथे गुरुबंधूंबरोबर राहत होते. स्वामी अखंडानंद त्यांच्यासाठी गावातल्या ग्रंथालयातून जॉन लबक या लेखकाचे ग्रंथ एकेक करून आणत आणि दुसऱ्या दिवशी परत नेत. इतक्या लवकर कुणी वाचत नसणार, असा संशय ग्रंथपालाला आला. तेव्हा स्वामीजींनी स्वतः जाऊन त्या ग्रंथांवरच्या प्रश्नांची उत्तरे दिली.

ही गोष्ट बहुतेक वेळा त्यांच्या स्मरणशक्तीचे उदाहरण म्हणून सांगतात. तिची दुसरीही एक बाजू आहे. पुस्तके मागणारा एक परिव्राजक संन्यासी होता. त्याच्याकडे घर नव्हते, पैसा नव्हता आणि तो त्या गावचा रहिवासीही नव्हता. तरी गावातल्या ग्रंथालयाने त्याला पुस्तके दिली. ग्रंथपालाला संशय आला, पण त्याने देणे बंद केले नाही. ज्या गावात विवेकानंदांच्या नावाने एवढा मोठा उत्सव होतो, तिथे ही बाजूही सांगायला हवी.

कायदा काय सांगतो?

ग्रंथालयांसाठी कायदा करण्यात कोल्हापूर संस्थानाने पुढाकार घेतला, तो १९४५ मध्ये. पुढे राज्याचा ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम’ १९६७ मध्ये मंजूर झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. त्यातून ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद आणि जिल्हा ग्रंथालय समित्या आल्या.

इथे महाराष्ट्राचे एक वेगळेपण आहे. कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घेतात आणि त्यातून ग्रंथालये चालतात. आपल्याकडे असा उपकर नाही. मोजकी शासकीय ग्रंथालये सोडली तर बाकीची लोकांनी चालवायची, सरकारने मान्यता आणि अनुदान द्यायचे, ही आपली पद्धत आहे. गावातली काही माणसे एकत्र येतात, संस्था नोंदवतात, जागा आणि पुस्तके जमवतात. अटी पूर्ण केल्या की मान्यता मिळते. राज्यात अशी अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालये आहेत.

त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग असतात. पुस्तकांची संख्या, सभासद, वर्तमानपत्रे आणि मासिके, उघडे राहण्याचे तास यावरून वर्ग ठरतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या ग्रंथालयाला ‘अ’ मिळतो. खेड्यातले छोटे वाचनालय बहुधा ‘ड’ किंवा ‘क’ वर्गात असते.

या पद्धतीचा फायदा असा की ग्रंथालय गावाचे असते आणि ते कुठे, कसे चालवायचे हे गाव ठरवते. तोटाही त्यातच आहे. गावाने लक्ष काढून घेतले की ते बंद पडते, आणि बंद पडल्याची तक्रार करायलाही कुणी उरत नाही.

पैशांचा हिशेब

२०१२ पासून ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. ते दहा वर्षे वाढले नाही. २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारने सर्व वर्गांच्या अनुदानात ६० टक्के वाढ करायचे ठरवले आणि ‘ड’ वर्गाचा आकडा ४८,००० रुपये झाला.

वाढ चांगली दिसते, पण भागाकार करून पाहू. ४८,००० म्हणजे महिन्याला ४,०००. त्यातले निम्मे वेतनासाठी धरले तर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २,००० रुपये येतात, म्हणजे दिवसाला ६५-७० रुपये. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मजुराला एका दिवसात मिळणारा रोज याच्या कितीतरी पट असतो. उरलेल्या २,००० रुपयांत जागेचे भाडे, वीज, वर्तमानपत्रे, मासिके आणि नवी पुस्तके बसवायची. अनुदान हप्त्यांनी येते, तोवर पेपरवाल्याचे बिल थांबत नाही. शिवाय खर्चाचा काही वाटा संस्थेने वर्गणी आणि देणग्यांतून उभा करायचा असतो.

गावातले वाचनालय संध्याकाळी दोन-तीन तासच का उघडते, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. ग्रंथपालाला पोटासाठी दिवसभर दुसरे काम करावे लागते.

मग वाचनालये कागदावरच का राहतात?

सगळा दोष पैशांवर टाकता येणार नाही. २०१२ मध्ये राज्यभरातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी त्रुटी सापडल्या. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि वर्ग वाढवून देणे बरीच वर्षे थांबले. याची झळ प्रामाणिकपणे चालणाऱ्या ग्रंथालयांनाही बसली. ‘ड’ वर्गातले एखादे वाचनालय मेहनतीने वाढले, पुस्तके आणि सभासद दुप्पट झाले, तरी त्याचा वर्ग बदलत नव्हता. ज्या गावात ग्रंथालय नव्हते, तिथे तरुणांनी सुरू केले तरी अनुदान मिळत नव्हते.

कागदावरचे वाचनालय ओळखणे अवघड नसते. त्याची पाटी असते आणि दाराला कुलूप असते. कपाटात पुस्तके दिसतात, पण गेल्या काही वर्षांतले एकही नसते. देवघेवीच्या नोंदवहीत नावे असतात, पण गावात विचारले तर कुणी तिथे गेलेले नसते.

चालते वाचनालय काय करते?

पहिले काम वर्तमानपत्राचे. मोबाइलवर बातमी सगळ्यांना मिळते, पण ती प्रत्येकाला वेगळी मिळते. वाचनालयाच्या टेबलावर चार वर्तमानपत्रे शेजारी असतात. एकाच घटनेवर कोण काय म्हणते ते तिथे कळते, आणि समोरचा माणूसही तेच वाचत असल्याने त्यावर बोलता येते.

दुसरे काम जागेचे. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही चालू असताना अभ्यास होत नाही. तलाठी, पोलीस, शिक्षक भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना शांत जागा, टेबल आणि दिवा हवा असतो. म्हणून बऱ्याच ग्रंथालयांनी अभ्यासिका सुरू केल्या. मुलींसाठी ही सोय जास्त मोलाची आहे, कारण त्यांना तालुक्याला खोली करून राहायला घरचे सहज पाठवत नाहीत. मात्र अभ्यासिकेने सगळी जागा व्यापली आणि कथा-कादंबऱ्यांची कपाटे मागे सरकली, तर मुलांचे आणि वयस्करांचे येणे थांबते. दोन्हींची वेळ वेगळी ठेवणे हा साधा उपाय आहे.

तिसरे काम आपल्या भागाचे पुस्तक आपल्या माणसाच्या हाती देणे. कवी ना. घ. देशपांडे मेहकरचे. ‘खूणगाठी’ या त्यांच्या संग्रहाला १९८६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सदानंद देशमुख याच जिल्ह्यातल्या अमडापूरचे. शेतकरी कुटुंबाची ओढाताण सांगणाऱ्या त्यांच्या ‘बारोमास’ कादंबरीला २००४ मध्ये हाच पुरस्कार मिळाला. आपल्यासारखी बोली बोलणारी, आपल्यासारखी शेती करणारी माणसे पुस्तकात असतात, हे मेहकर तालुक्यातल्या मुलाला या लेखकांमुळे कळू शकते. त्यासाठी ती पुस्तके शहरातल्या दुकानापुरती न राहता त्याच्या गावातल्या कपाटात असायला हवीत.

साताऱ्यातल्या भिलारला २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ झाल्यावर घराघरांत पुस्तके ठेवली गेली आणि पर्यटक येऊ लागले. तो उपक्रम चांगला आहे, पण प्रत्येक गाव भिलार होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. रोज ठरल्या वेळी उघडणारी एक खोली पुरते.

आपण काय करू शकतो?

• आपल्या गावात शासनमान्य ग्रंथालय आहे का, ते कधी उघडते, हे आधी पाहा. माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मिळते.

• स्वतः सभासद व्हा आणि महिन्यातून दोनदा तरी पुस्तक बदला. ग्रंथालयाचा वर्ग ठरताना सभासदसंख्या मोजली जाते.

• हवे असलेले पुस्तक लिहून मागा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतूनही ग्रंथालयांना पुस्तके मिळतात. वाचकांची मागणी नोंदलेली असेल तर निवड करणाऱ्यांना आधार मिळतो.

• जुनी गाइडे आणि फाटकी पाठ्यपुस्तके दान करू नका. त्यापेक्षा एका मासिकाची वर्षाची वर्गणी भरा.

• ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थेचे सभासद झालात, तर वार्षिक सभेला जा आणि हिशेब विचारा.

• लग्नानंतर गावात आलेल्या सुनांना, घराबाहेर पडू न शकणाऱ्या वयस्करांना पुस्तक घरपोच देता येईल का, हे ग्रंथपालाशी बोला. शाळेत जाणारी मुले हे काम आनंदाने करतात.

सरकारने अनुदान वाढवावे, वेळेवर द्यावे आणि चालत्या ग्रंथालयांचा वर्ग वाढवावा, ही मागणी रास्त आहे आणि ती करत राहावी लागेल. मात्र कायद्याने ग्रंथालय गावाच्या हाती दिले आहे. संध्याकाळी ते उघडले तेव्हा आत चार माणसे बसलेली दिसली, तर दिवसाला ६५-७० रुपयांवर काम करणारा ग्रंथपालही उद्या पुन्हा कुलूप काढायला येतो.