सरकारी फोनवरची एआय-बंदी नेमकी कशी चालते?

केंद्रीय अर्थसंकल्प तीन दिवसांवर आला असताना, २९ जानेवारी २०२५ रोजी, अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक सूचना काढली. चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कार्यालयाच्या संगणकांवर व इतर उपकरणांवर वापरू नका, त्यांच्यामुळे सरकारी माहिती आणि कागदपत्रांच्या गोपनीयतेला धोका आहे, असा तिचा आशय होता. पुढच्या काही दिवसांत तैवान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरियातली मंत्रालये, अमेरिकेतले टेक्सास राज्य अशा अनेक ठिकाणांहून डीपसीकवरच्या बंदीच्या बातम्या आल्या. चीनमधल्या हांगझोऊच्या या कंपनीने आर१ हे मॉडेल २० जानेवारीलाच खुले केले होते आणि आठवडाभरात तिचे ॲप अमेरिकेतल्या ॲपल स्टोअरवर पहिल्या क्रमांकावर पोचले होते.

बंदीची बातमी दोन ओळींत संपते. ती अमलात कशी येते, कुठे पक्की बसते आणि कुठून गळते, हे मात्र नीट पाहावे लागते.

आधी मजकुराचा प्रवास पाहू. समजा, एखाद्या कक्ष अधिकाऱ्याकडे निविदा समितीचा जाडजूड इंग्रजी अहवाल आला आहे आणि वरिष्ठांना संध्याकाळपर्यंत त्यावर मराठीत दोन पानी टिपणी हवी आहे. तो अहवाल चॅटच्या चौकटीत चिकटवतो आणि मिनिटभरात गोषवारा मिळतो. हे काम त्याच्या फोनमध्ये झालेले नसते. फोन फक्त मजकूर पाठवतो आणि उत्तर दाखवतो. मॉडेल चालते ते कंपनीच्या सर्व्हरवर. वाटेत मजकूर कूटबद्ध असला तरी सर्व्हरवर तो उलगडावाच लागतो, कारण वाचल्याशिवाय गोषवारा करता येत नाही. तिथे त्याच्या प्रती होतात. एक संभाषणाच्या इतिहासात राहते, दुसरी बिघाड शोधण्यासाठी ठेवलेल्या नोंदींत जाते, आणि कंपनीच्या अटींत तशी मुभा असेल तर तोच मजकूर पुढच्या मॉडेलच्या प्रशिक्षणासाठीही वापरला जातो. स्क्रीनवरचे संभाषण पुसले म्हणून या साऱ्या प्रती त्याच क्षणी नाहीशा होत नाहीत.

ही भीती कल्पनेतली नाही. त्याच जानेवारीत विझ या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना डीपसीकचा एक डेटाबेस इंटरनेटवर सताड उघडा सापडला. त्याला पासवर्ड नव्हता. आत दहा लाखांहून अधिक नोंदी होत्या आणि त्यांत लोकांची संभाषणे साध्या वाचता येण्याजोग्या मजकुरात होती. कळवल्यावर कंपनीने तो बंद केला. त्याआधी २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत चिकटवला होता आणि सॅमसंगने आपल्या उपकरणांवर अशा साधनांना मनाई केली. तिथे कोणी हेरगिरी करत नव्हते. माणसे आपले काम लवकर उरकत होती, एवढेच.

मग ‘परदेशी’ या शब्दाला वजन कशामुळे येते? कायद्यामुळे. डीपसीकच्या गोपनीयता धोरणातच माहिती चीनमधल्या सर्व्हरवर साठवली जाते असे लिहिलेले होते. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार तिथल्या संस्थांनी आणि नागरिकांनी सरकारच्या गुप्तवार्ता कामाला साहाय्य करायचे असते. अमेरिकेतही २०१८ चा क्लाउड कायदा आहे. त्यानुसार अमेरिकी कंपनीचा सर्व्हर दुसऱ्या देशात असला तरी तिथली यंत्रणा कायदेशीर आदेशाने माहिती मागू शकते. दोन्हींत फरक आहे. अमेरिकेत कंपनी न्यायालयात दाद मागू शकते, चीनमध्ये तशी आशा फारशी धरता येत नाही. पण दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या कचेरीच्या दृष्टीने दोन्हीकडे मजकूर आपल्या कायद्याच्या हाताबाहेर जातो. म्हणून अर्थ मंत्रालयाने चिनी आणि अमेरिकी साधनांना एकाच ओळीत बसवले, हे मला योग्य वाटते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने आपल्या कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्टचे कोपायलट वापरण्यास मनाई केली होती. कंपनी त्यांच्याच देशाची होती. सभागृहाची माहिती मान्यता नसलेल्या क्लाउडवर जाण्याचा धोका मात्र तसाच होता.

बंद्या सगळ्या एका जातीच्या नसतात. डीपसीकबाबत इटलीच्या गोपनीयता प्राधिकरणाने ३० जानेवारी २०२५ ला दिलेला आदेश तिथल्या सगळ्याच नागरिकांच्या माहितीपुरता होता. दक्षिण कोरियाने फेब्रुवारीच्या मध्यावर ॲप नव्याने उतरवून घेणे थांबवले, ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांचे चालूच राहिले आणि एप्रिलअखेर डाउनलोड पुन्हा सुरू झाले. ऑस्ट्रेलियाचा ४ फेब्रुवारीचा आदेश फक्त सरकारी यंत्रणांसाठी होता, पण मजकूर नेमका होता: डीपसीकची उत्पादने, ॲप आणि वेबसेवा यांचा वापर व स्थापना रोखा, आधीपासून असतील तर काढून टाका. नागरिकांच्या खासगी फोनला तो लागू नव्हता. यातला ‘वेबसेवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसते ‘ॲप’ लिहिले की ब्राउझरची वाट मोकळी राहते.

आता अंमलबजावणी. कार्यालयाने दिलेल्या फोनवर सहसा एमडीएम नावाची व्यवस्था बसवलेली असते. तिच्यातून संगणक कक्षातला माणूस शेकडो फोनवर कोणती ॲप आहेत ते पाहू शकतो, नको ती काढू शकतो, नवी घालणे रोखू शकतो. ॲपचे दिसणारे नाव किंवा चिन्ह काहीही असो, प्रत्येक ॲपला एक अंतर्गत ओळखनाम असते आणि बंदी त्याच्यावर बसते. इथे दोन पद्धती आहेत. एकीत नको असलेल्या ॲपची यादी करतात. दुसरीत फक्त परवानगी असलेल्यांची यादी करतात आणि बाकी सगळे आपोआप बंद राहते. पहिली पद्धत सोपी, पण रोज नवे ॲप निघते आणि यादी कायम मागे पडते. गोपनीय फाइली हाताळणाऱ्या कचेरीने दुसरीच पद्धत धरावी.

दुसरा थर नेटवर्कचा. कचेरीच्या फायरवॉलवर त्या सेवेचे पत्ते अडवले की कार्यालयाच्या संगणकावरून ब्राउझरनेही तिथे जाता येत नाही. पण हा पहारा कचेरीच्या जाळ्यापुरताच असतो. सरकारी लॅपटॉप स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की तो मागे पडतो. शिवाय तेच मॉडेल दुसऱ्या एखाद्या ॲपच्या पोटात, वेगळ्या नावाने चालत असू शकते. सगळ्यात मोठी गळती तर खिशातल्या खासगी फोनची. त्यावर एमडीएमही नाही आणि फायरवॉलही नाही. पत्राचा फोटो काढला, स्वतःच्या ॲपला दिला, उत्तर व्हॉट्सॲपवरून परत संगणकावर आणले, की सरकारी उपकरण कागदोपत्री निर्मळच राहते.

आणखी एक फरक या चर्चेत हरवतो, तो म्हणजे ॲप आणि मॉडेल यांतला. डीपसीकने आर१ मॉडेल मुक्त परवान्याखाली दिले आहे; ते कोणालाही उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. तसे केले आणि तो सर्व्हर बाहेरच्या जगापासून तोडून ठेवला, तर मजकूर हांगझोऊला जाण्याचा मार्गच उरत नाही. अर्थ मंत्रालयाची सूचना निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३० जानेवारीला, माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी डीपसीकचे मॉडेल भारतीय सर्व्हरवर ठेवले जाईल असे सांगितले. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन बातम्या प्रत्यक्षात एकमेकींशी जुळतात. अर्थात, मॉडेल घरी आणले तरी त्याची शिकवण चीनमधलीच राहते. तिआनमेन किंवा अरुणाचल प्रदेशाविषयी त्याला विचारले तर सर्व्हर कुठेही असला तरी तो कल उत्तरात उतरू शकतो. गोषवारा किंवा भाषांतराला ते चालेल, धोरणविषयक टिपणीला नाही.

नुसती मनाई टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या कक्ष अधिकाऱ्याला संध्याकाळपर्यंत टिपणी द्यायचीच असते. ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या पहिल्या सहामाहीत सरकारी कर्मचाऱ्यांना ठरलेल्या अटींवर कोपायलट वापरायला देऊन पाहिले होते. आपल्याकडे भाषांतरासाठी केंद्र सरकारची भाषिणी आहे आणि तिच्यात मराठीही आहे. असे मान्यताप्राप्त साधन टेबलावर असेल, तर खिशातला फोन बाहेर काढण्याचे कारण कमी होते. परिपत्रकात ‘हे वापरू नका’ या ओळीखालीच ‘त्याऐवजी हे वापरा’ अशी ओळ असायला हवी.

तुम्ही मंत्रालयात, जिल्हा परिषदेत किंवा तहसील कचेरीत काम करत असाल, तर वापराला परवानगी असलेल्या साधनांची यादी आपल्या वरिष्ठांकडे लेखी मागा. ती हातात येईपर्यंत नागरिकांची नावे, आधार क्रमांक, निविदेतले दर आणि अजून न निघालेला आदेश कोणत्याही चॅटच्या चौकटीत घालू नका, मग ॲप कोणत्याही देशाचे असो आणि फोन कोणाच्याही मालकीचा असो.