किनाऱ्यावरून गळ टाकतांना

सुटी लागली म्हणजे आमच्या कोंकणपट्टींतील मुलें काठीस दोरी बांधून खाडीच्या कांठीं जाऊन बसतात. त्यांतील पुष्कळांची अशी समजूत असते कीं, सामान चांगलें असलें म्हणजे मासा हटकून लागतो. वस्तुतः या कामीं सामानाहून पाण्याचें ज्ञान श्रेष्ठ होय. गळ चुकला तर फार झालें तर मासा जातो; पाण्याची वेळ चुकली तर प्राणावर बेततें. म्हणून प्रथम पाण्याविषयीं लिहितों.

आपल्या किनाऱ्यावर दोन भरतींमध्यें सुमारें १२ तास २५ मिनिटांचें अंतर असतें; त्यामुळें भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. कोळी, गाबीत, दालदी या दर्यावर्दी लोकांचा यासंबंधीं एक तोंडचा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारीं व पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीस सहा वाजतां. हा हिशेब कांहीं जादू नव्हे. चांद्रमासाच्या ३० तिथींत भरतीची वेळ २४ तास सरकून पूर्ववत् होते. तेव्हां एका तिथीस ४८ मिनिटें पडतात, आणि पाऊण तास हा त्याच्या जवळचाच आंकडा. स्थलपरत्वें अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचें भरती-ओहोटीचें कोष्टक पाहणें अधिक चांगलें.

ओहोटीस उघड्या पडलेल्या खडकांवर व वाळूंत कुर्ल्या, कोळंबी, किडे असें विपुल भक्ष्य असतें. पाणी चढूं लागलें कीं मासे त्याच्या मागोमाग आंत शिरतात. म्हणून पूर्ण भरतीच्या आधींचे दोन तास व ओहोटीचा पहिला तास गळास उत्तम. खाडीच्या मुखाशीं मात्र उतरतें पाणीही फलदायी असतें. रत्नागिरीजवळ भाट्ये येथें काजळी नदी समुद्रास मिळते, तशा जागीं ओहोटीबरोबर वाहून येणारें खाद्य टिपावयास मासे टपलेले असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओढ फार, म्हणून शिसें जड लावावें. अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी मंद असतें, तेथें हलकें पुरतें.

आतां धोक्याची गोष्ट. भरती सहा तास चढते, पण एकसारखी चढत नाहीं. पहिल्या तासांत एकंदर चढाचा बारावा हिस्साच पाणी वर येतें. तिसऱ्या व चौथ्या या दोन तासांत मिळून निम्में येतें. ओहोटीस दूरच्या खडकावर गेलेला मुलगा पहिला तासभर निर्धास्त असतो, आणि याच निर्धास्तपणांत घात होतो. खडकाची समुद्राकडील कड पुष्कळदां उंच व मागील घळ खोल असते. पाय कोरडे असतांनाच परतीची वाट बुडालेली असते. शेवाळ व कालवें जेथपर्यंत चिकटलेलीं दिसतात तेथपर्यंत पाणी नित्य येतें. बसण्याची जागा त्या रेषेच्या बरीच वर असावी, आणि परतीची वाटही.

सामान थोडें पुरे. आठ-दहा फूट बांबू, नायलॉनची दोरी (हिलाच आपल्याकडे तंगूस म्हणतात), शिसें आणि गऱ्या. गऱ्यांच्या क्रमांकाची गंमत अशी कीं, ६ क्रमांकाची गरी २ क्रमांकाच्या गरीहून लहान असते. वाळूच्या तळावर मुडदुशीसारख्या लहान तोंडाच्या माशास बारीक गरी व कोळंबीचा ताजा तुकडा लावावा. खडकाशीं किंवा तिवरांजवळ तांबोशीसाठीं मोठी गरी व तारलीचा तुकडा बरा. खडकाळ जागीं शिसें मूळ दोरीस न बांधतां कच्च्या सुताच्या तुकड्यानें बांधावें. तें कपारींत अडकलें तर सूत तुटतें, गरी व मासा दोन्ही हातीं येतात. तुटलेला तंगूस किनाऱ्यावर टाकूं नये. तो शेकडों वर्षें कुजत नाहीं, आणि पक्ष्यांच्या पायांस त्याचा फास बसतो.

गळास लागलेला प्रत्येक जीव हातांत घेण्याजोगा नसतो. शिंगाळ्याच्या पाठीवर एक व दोन बाजूंस दोन विषारी कांटे असतात. पाकटाचा कांटा शेपटीवर असतो. उथळ वाळूंत पाय उचलून न टाकतां घासत चालावें, म्हणजे पाकट आधींच दूर सरतें. कांटा लागलाच तर सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत तो अवयव बुडवून ठेवावा व डॉक्टरांकडे जावें. फुगणारा केंड मासा मात्र पाण्यांत परत सोडावा; त्याचें विष शिजवूनही जात नाहीं.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलगा निघण्यापूर्वीं त्या दिवसाची तिथी व भरतीची वेळ त्याच्याकडूनच काढून घ्यावी, कोणत्या जागीं बसणार तें विचारावें, आणि एकट्यास पाठवूं नये. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत तर खडकावर जाऊंच देऊं नये. त्या दिवसांत ओहोटीच्या वेळींही एखादी लाट अवचित वर चढते. तेवढा काळ दोऱ्या गुंडाळाव्यात आणि गंजलेल्या गऱ्या घांसून तेल लावून ठेवाव्यात.