कारंजे आणि चौक

मुंबईच्या ज्या भागास आज फोर्ट म्हणतात, तेथे पूर्वी खरोखरच तटबंदीचा कोट होता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तो तट पाडण्यात आला, आणि त्याच्या चर्चगेट नामक दरवाजाच्या परिसरात १८६४ साली एक भव्य कारंजे उभे राहिले. माथ्यावर फ्लोरा या रोमन पुष्पदेवतेची मूर्ती असल्यामुळे लोक त्यास फ्लोरा फाउंटन म्हणू लागले. जवळच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक आहे. म्हणून या जागेचे नाव हुतात्मा चौक. परकीय राजवटीचे वैभव आणि लोकांनी दिलेला लढा, अशा दोन भिन्न आठवणी येथे शेजारी शेजारी नांदत आहेत.

हे कारंजे इंग्लंडातील पोर्टलंडच्या चुनखडी दगडाचे आहे. या दगडास सूक्ष्म छिद्रे असतात. पावसाळ्यात तो पाणी शोषतो आणि ऊन पडू लागले म्हणजे तेच पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतो. हा त्याचा श्वासोच्छ्वासच म्हणावा. अशा दगडावर तैलरंग चढविला की छिद्रे बुजतात, आत शिरलेला ओलावा कोंडतो, त्यातील क्षारांचे स्फटिक बनतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरले तरी हेच घडते. कारण सिमेंट दगडाहून कठीण असते व ओलाव्यास वाट देत नाही. फ्लोरा फाउंटनवरही वर्षानुवर्षे रंगाचे थर चढविण्यात आले होते. हेतू स्वच्छतेचा असेल. पण जुन्या वास्तूंची हानी पावसापेक्षा अशा हौशी रंगरंगोटीनेच अधिक होते, असे मला वाटते. पुढे कारंजे कोरडेही पडले. अखेर रंग काळजीपूर्वक काढून, दगड व नळ दुरुस्त करून, जानेवारी २०१९ मध्ये त्यातून पुन्हा पाणी खेळू लागले.

या कामास कायद्याचे पाठबळ होते. १९९५ साली मुंबईतील वारसावास्तूंसाठी नियम लागू झाले आणि वास्तूंच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत तिच्या रक्षणाखेरीज सहसा बदल करता येत नाही. खाजगी मालकास हे जाचक वाटते. शेजारी वीस मजले चढत असता आपणच जुने छप्पर का सांभाळावे, हा त्याचा प्रश्न निराधार नाही, आणि नुसत्या मनाईने तो सुटणारही नाही.

कारंज्याबाबत अडचण निराळी होती. त्याभोवती वाहनांचा अखंड प्रवाह असे. जी वास्तू केवळ बसच्या खिडकीतून ओझरती दिसते, तिच्याविषयी नागरिकांस आपुलकी कशी वाटावी? म्हणून कारंज्याबरोबर भोवतालची जागाही पायी चालणाऱ्यांसाठी सुधारण्याचे काम निघाले. २०१८ साली तेथे खोदकाम चालू असता डांबराखालून लोखंडी रूळ वर आले. ते ट्रामचे होते. मुंबईत १८७४ साली घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली, पुढे ती विजेवर चालू लागली आणि १९६४ साली बंद पडली. रस्त्यावर डांबर चढले, पण रूळ कोणी उखडले नव्हते. चोपन्न वर्षे ते वाहनांखाली तसेच पडून होते.